ओकारीपासून आकडीपर्यंत

ही कुठल्या एका घराची हकिकत नाही. अपस्मार असलेल्या मुलांच्या घरी जे वारंवार घडतं, ते विरार पश्चिमेच्या एका कल्पित घरात, पाच वर्षांच्या मुलीवर बेतून मांडलं आहे. तिला आधी आलेल्या फिट हातपाय झाडणाऱ्या होत्या. घरच्यांना फिट म्हणजे तेवढंच माहीत.

रात्री ९:३०. व्हॅल्प्रोएटचं सिरप पोटात जातं आणि दहा मिनिटांत जेवणासकट बाहेर पडतं. आई फरशी पुसते, आजी ओव्याचं पाणी देते. औषधही उलटून पडलं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. डोस पुन्हा द्यायचा का, एवढं फोनवर डॉक्टरांना विचारायचं होतं.

१२:४०. मुलगी झोपेतून उठून बसते. "आई, पोटात कसंतरी होतंय." चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, पुन्हा उलटी. पाणीपुरी बाधली, असं ठरतं. या वयात काही मुलांचा झटका मळमळ आणि उलटीनेच सुरू होतो, तोही बहुधा झोपेत. ग्रीक डॉक्टर पानायोटोपुलोस यांनी हा प्रकार ओळखून मांडला. असा झटका अर्धा-अर्धा तास चालू शकतो. तोंडाला फेस नाही, हातपाय शांत. म्हणूनच घरचे फसतात.

१२:५५. नजर डावीकडे खिळलेली. ओठ चाटल्यासारखे हलताहेत, बोटं फ्रॉकची किनार चिवडताहेत. बाबा हाक मारतात, ओ नाही. "झोपेत आहे, राहू दे." अख्ख्या रात्रीत मला हीच वेळ सगळ्यांत मोलाची वाटते. झोपलेलं मूल हलवलं की कुरकुरतं, कूस बदलतं. हिचे डोळे उघडे आहेत आणि ती तिथे नाही. कुशीवर वळवावं, घड्याळ बघावं, मोबाइलवर व्हिडिओ काढावा, डॉक्टरांना उठवावं.

१:१०. आजी मीठ-मोहरीने दृष्ट काढते.

१:३५. अंग ताठ, मग झटके. आता सगळ्यांना कळतं. कुणी कांदा फोडतं, कुणी दातांत घालायला चमचा आणतं. तोंडात काहीही घालायचं नसतं. झटका पाच मिनिटांपलीकडे गेला की आपोआप थांबण्याची शक्यता घटत जाते. नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे त्याचसाठी लिहून दिलेला असतो. तो फाइलच्या पिशवीत, कपाटात आहे.

१:४८. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन. जवळच्या दवाखान्यात झटका थांबवून पुढे जाता आलं असतं, पण "थेट परळला, वाडिया हॉस्पिटलमध्येच नेऊ" असं ठरतं.

२:३५. नायगावजवळ महामार्गावर कंटेनरांची रांग. २०२५ च्या सप्टेंबरात नालासोपाऱ्याहून मुंबईला नेलं जात असलेलं १६ महिन्यांचं जखमी बाळ याच महामार्गावर तासन्‌तास अडकून दगावलं होतं. हिचे झटके अजून थांबलेले नाहीत.

३:५०. "कधी सुरू झालं?" डॉक्टर विचारतात. "दीड-पावणेदोनला," बाबा सांगतात. केसपेपरवर तेच उतरतं. पावणेएकच्या उलटीचं कुणी बोलत नाही.