प्राणवायूचा हिशेब

मराठीत ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हणण्याची सोय ज्याने कोणी केली, त्याने भाषेवर उपकार केले आणि विचारावर थोडा अन्याय केला, असे म्हणावेसे वाटते. योगशास्त्रातला प्राण हा पाच वायूंपैकी एक. अपान, व्यान, उदान आणि समान हे त्याचे सोबती. रसायनशाळेतल्या मूलद्रव्याशी त्याचे काही नाते नाही. पण नाव चिकटले की अर्थही चिकटतो. नायट्रोजन अधिक मिळाला म्हणून कोणाला उत्साह वाटणार नाही. प्राणवायू अधिक मिळाला तर मात्र प्राणच अधिक मिळाला, असे मन आपसूक समजून बसते. अर्थात दोष एकट्या शब्दाचा नव्हे. युरोपीय भाषांत या वायूच्या नावाचा अर्थ ‘आम्ल उत्पन्न करणारा’ एवढाच आहे, आणि तोही चुकीचा. तरी तिकडच्या माणसांची समजूत फारशी निराळी नाही. तोंडाला मुखवटा लावून, नळीतून घट्ट प्राणवायू ओढत सायकल दामटली की शक्ती वाढते, थकवा लवकर उतरतो, म्हातारपण लांबते, हा विचार तिकडेच जन्माला आला.

त्याची सुरुवात शोधाच्या दिवसापासूनच झाली असे म्हणता येईल. १ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टलीने भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याची तांबडी राख तापवली आणि निघालेला वायू गोळा केला. पुढे त्याने तो स्वतः हुंगून पाहिला. छाती काही काळ हलकी वाटली, असे त्याने नोंदवले. उद्या ही चैनीची वस्तू होईल, आजवर मात्र दोन उंदीर आणि आपण एवढ्यांनाच ती लाभली आहे, असेही गमतीने लिहिले. त्याच ओघात एक शंकाही त्याने मांडून ठेवली होती: या वायूत मेणबत्ती जशी भराभर जळून संपते, तसे आपले आयुष्यही संपणार नाही ना? पुढच्या काळात चैनीचा भाग लोकांच्या लक्षात राहिला, शंकेचा राहिला नाही.

प्रीस्टलीपेक्षाही महत्त्वाचा प्रयोग पॅरिसमध्ये झाला. लाव्हाझिए आणि त्याचा साहाय्यक आर्मां सेगँ यांनी १७८९च्या सुमारास माणसाच्या श्वसनाचे मोजमाप केले. सेगँ स्वतःच प्रयोगाचा विषय झाला. विश्रांतीत, थंडीत, जेवणानंतर आणि पायाने पट्टी दाबण्याचे श्रम करताना त्याचे शरीर किती प्राणवायू वापरते, हे तपासले गेले. लाव्हाझिएच्या पत्नीने काढलेल्या चित्रांत ती स्वतः टेबलाशी बसून नोंदी करताना दिसते. श्रमाबरोबर वापर कित्येक पटींनी वाढतो, हे तेव्हा प्रथमच आकड्यांत सिद्ध झाले. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती: शुद्ध प्राणवायूत ठेवल्याने प्राण्याचा वापर वाढत नाही. शरीर त्याला हवे तेवढेच घेते, समोर कितीही वाढून ठेवले तरी. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हा सिद्धांत ज्याने दिला त्यानेच ‘भाता जोरात मारला की आग भडकते’ या उपमेतली हवाही काढून घेतली होती. पाच वर्षांनी, मे १७९४मध्ये, क्रांतीने त्याचे मस्तक उडवले. उपमा मात्र जिवंत राहिली.

एकोणिसावे शतक ओलांडून एकदम हिमालयात जाऊ. २७ मे १९२२ रोजी जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस पाठीवर नळकांडी बांधून एव्हरेस्टवर सुमारे २७,३०० फुटांपर्यंत पोहोचले. ब्रूसने त्यापूर्वी खरे गिर्यारोहण कधी केलेच नव्हते. त्यांच्या थोडे आधी मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरव्हेल हे कसलेले गडी प्राणवायूविना २७,००० फुटांच्या जरा खालून परतले होते. फिंच रसायनशास्त्राचा माणूस. वादळात अडकलेल्या तंबूत रात्री त्याने सर्वांना थोडा थोडा प्राणवायू दिला, गारठलेल्या अंगात ऊब आली आणि झोप लागली. तरीही हे ‘कृत्रिम’ आहे, सभ्य गृहस्थाला न शोभणारे आहे, असा वाद लंडनमध्ये बराच रंगला. बूट आणि लोकरीचे कपडे कृत्रिम का नव्हेत, याचे उत्तर त्या वादात सापडत नाही. असो.

उंचावर हवाच विरळ असते. तिथे नळकांडे हे उणे भरून काढते. प्रश्न आहे तो सपाटीवरचा. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत रॉजर बॅनिस्टर होता. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावणारा तोच हा डॉक्टर. त्याच वर्षी डॅन कनिंगहॅम याच्यासह लिहिलेला त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. चढ दिलेल्या फिरत्या पट्ट्यावर माणसे दमून थांबेपर्यंत धावत होती. कधी साध्या हवेवर, कधी ३३, ६६ आणि १०० टक्के प्राणवायूवर. बॅनिस्टर स्वतःही त्यांत होता. प्राणवायू वाढवल्यावर माणसे अधिक वेळ आणि अधिक सुखाने धावली, हे निर्विवाद दिसले. मौज अशी की ६६ टक्क्यांचे मिश्रण शुद्ध प्राणवायूपेक्षाही बरे ठरले.

म्हणजे समजूत खरी? अर्धी खरी, आणि नेमकी कोणती अर्धी हे पाहण्याजोगे आहे. निरोगी माणसाच्या धमन्यांतले हिमोग्लोबिन समुद्रसपाटीवर ९७-९८ टक्के भरलेलेच असते. १०० मिलिलिटर रक्त सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू वाहते, आणि त्यातला जेमतेम ०.३ मिलिलिटर रक्तद्रवात विरघळलेला असतो. शुद्ध प्राणवायू ओढला तर हा विरघळलेला भाग २ मिलिलिटरच्या आसपास जातो. विश्रांतीत या वाढीला काही अर्थ नाही. पण हृदय आणि रक्त पुरवठ्याच्या सीमेवर काम करत असतील, तेव्हा एवढ्याशा भरीनेही फरक पडतो. शिवाय अव्वल धावपटूंत तीव्र श्रमाच्या वेळी रक्तातला प्राणवायू खरोखरच उतरतो, तोही यामुळे सावरतो.

मात्र हे सगळे नळी तोंडात असेपर्यंतच. शरीरात प्राणवायूचे कोठार नाही. सगळा साठा मिळून दीडेक लिटर, आणि तगडा धावपटू मिनिटाला चार-पाच लिटर वापरतो. मुखवटा काढल्यावर काही श्वासांतच हिशेब पूर्वपदावर येतो. मैदानाच्या कडेला बसून मुखवटा लावणाऱ्या खेळाडूंची चित्रे आपण दूरचित्रवाणीवर पाहतो. पण १९८९मध्ये बारा व्यावसायिक फुटबॉलपटूंवर झालेल्या अमेरिकी चाचणीत दोन धावांच्या मधल्या विश्रांतीत शुद्ध प्राणवायू दिल्याने थकवा उतरण्यात वा पुढच्या धावेत काही फरक दिसला नाही. आमच्या लोणावळ्याचा दाखलाही इथे द्यायला हवा. १९२४मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामाचे मोजमाप करवून घेतले आणि प्राणायामाचे मोल अधिक प्राणवायू मिळण्यात नाही, असे स्पष्टपणे मांडले. शंभर वर्षांनंतरही योगवर्गात नेमके उलटे सांगितले जाते, हा भाग निराळा.

ज्यांना याचा खरा लाभ झाला, ते खेळाडू नव्हतेच. कार्डिफजवळ कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकारांवर संशोधन करणारे एक केंद्र होते. तिथल्या कोट्स आणि गिल्सन यांनी १९५६मध्ये दाखवले की, फुप्फुसे निकामी होत चाललेल्या रुग्णांना चालताना प्राणवायू दिला तर ते अधिक अंतर चालू शकतात. साध्या चालण्यात ज्याचे रक्त निळे पडते, त्याच्यासाठी घर ते कोपऱ्यावरचे दुकान हेच एव्हरेस्ट. या संशोधनाचा गाजावाजा झाला नाही.

गाजावाजा झाला तो ड्रेस्डेनच्या मानफ्रेड फॉन आर्डेनचा. हा माणूस कादंबरीत घातला तर समीक्षक अतिशयोक्तीचा आरोप करतील. जन्म १९०७चा, हँबुर्गचा. शाळा अर्धवट सोडलेली. पौगंडावस्थेतच रेडिओ-नलिकेचे पेटंट. १९३१मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणी दाखवली, १९३७मध्ये क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बनवला. १९४५नंतर सोव्हिएत संघात, काळ्या समुद्राकाठच्या सुखुमीत, अणुकार्यक्रमासाठी समस्थानिके वेगळी करण्याचे काम. त्याबद्दल स्टालिन पारितोषिक. १९५५मध्ये परतून त्याने साम्यवादी पूर्व जर्मनीत चक्क खासगी संशोधनसंस्था चालवली. मग तो वैद्यकाकडे वळला. पेशीच्या श्वसनावरच्या ओटो वारबुर्गच्या विचारांचा प्रभाव होताच. सत्तरच्या दशकात त्याने ‘बहुपायरी प्राणवायू उपचार’ मांडला: आधी जीवनसत्त्व ब-१ आणि मॅग्नेशियमसारखी द्रव्ये, मग प्राणवायू, आणि रक्ताभिसरण वाढवण्यासाठी व्यायाम. मूळ क्रम १८ दिवस रोज दोन तासांचा. घाईत असणाऱ्यांसाठी श्रमासह १५ मिनिटांचा. उपचार संपल्यावरही परिणाम दीर्घकाळ टिकतो, कारण वयाने अरुंद झालेल्या केशवाहिन्या पुन्हा मोकळ्या होतात, असा त्याचा दावा होता.

दावा मोहक होता आणि त्याला यंत्रज्ञाच्या तर्काची शिस्त होती. कुठे अडले ते शोधा, तिथला दाब वाढवा. पण शरीर म्हणजे रेडिओ नव्हे. स्वतंत्र, नियंत्रित चाचण्यांनी त्याला आधार दिला नाही आणि मुख्य प्रवाहातल्या वैद्यकाने तो स्वीकारला नाही. त्याला भोंदू म्हणणे मात्र आम्हांला अन्यायाचे वाटते. त्याने मोजमापे केली, ग्रंथ लिहिले. परंतु स्वतःच्या कल्पनेला दुसऱ्या कोणाच्या प्रयोगशाळेत हरण्याची पुरेशी संधी दिली नाही. पश्चिम जर्मनीत आणि पुढे अमेरिकेत या उपचाराच्या सुटसुटीत आवृत्त्या निघाल्या, त्यांत त्याची मोजमापे गळाली आणि दावे तेवढे उरले.

आज विकल्या जाणाऱ्या संचातली मोठी पिशवी पाहिली की यंत्राची मर्यादा कळते. घरगुती संच हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडकवून मिनिटाला पाच-दहा लिटर प्राणवायू देतो. जोरात सायकल मारणारा माणूस ६० ते १०० लिटर हवा ओढतो. म्हणून काही तास आधीपासून शेकडो लिटरची पिशवी भरून ठेवावी लागते. नाकात नुसती नळी घातली, तर तो बहुतांश साधी हवाच घेत असतो. २०२१च्या एप्रिलमध्ये हीच यंत्रे मिळवण्यासाठी महाराष्ट्रात लोक रात्र रात्र फोन फिरवत होते, आणि नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीच्या गळतीने वीसहून अधिक रुग्ण दगावले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने श्वासावाटे प्राणवायू घेणे २०१०पासून निषिद्ध मानलेले नाही.

फॉन आर्डेन १९९७मध्ये ड्रेस्डेन इथे वारला. जर्मनीच्या एकीकरणानंतर, १९९१मध्ये, त्याच्या संस्थेतून उभी राहिलेली कंपनी त्याचे नाव अजून चालवते. ती काचेवर आणि धातूवर अतिशय पातळ थर चढवण्याची यंत्रे बनवते. हे काम निर्वातात, म्हणजे हवा शक्य तेवढी काढून घेऊन, करावे लागते.