अंगठा, सही आणि कागदाचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी प्रवेशाच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात एक मुलगी रडत उभी होती. तिचा जातीचा दाखला लिपिकांनी परत केला होता. दाखला संगणकावरून काढलेला, खाली अधिकाऱ्याची डिजिटल सही आणि त्या सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह. "सर, संगणकच सांगतोय, सहीची वैधता अज्ञात. मी कसा घेऊ?" लिपिक मला म्हणाले. माणूस वाईट नव्हे. पण 'वैधता' हा शब्द आपल्या कानाला कसा लागतो, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मुलीने तो बरोबर ऐकला होता. कागद नव्हे, आपणच खोट्या ठरलो असे तिला वाटले.

मी इतिहास शिकवतो. संगणकशास्त्र माझा विषय नव्हे. परंतु घरातला पहिला पदवीधर म्हणून आमच्या वस्तीतले सगळे कागद माझ्याच ओट्यावर वाचायला येतात. तेव्हा हे प्रश्नचिन्ह काय आहे ते समजून घेणे मला भागच होते.

ज्याला लिहिता येत नाही त्याने नंतर शब्द फिरवू नये, यासाठी काय करावे, हा प्रश्न या देशात गोऱ्या साहेबाला फार लवकर पडला. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कागदावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे सही नाकारण्याचा विचारही त्याच्या मनात येऊ नये, अशी धास्ती बसावी हा हेतू हर्शेलने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. म्हणजे ठशाचा जन्म अविश्वासातून झाला, आणि तोही एकतर्फी अविश्वासातून. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग निघाला. वर्गीकरणाचे डोके अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे. पद्धतीला नाव मिळाले एडवर्ड हेन्री साहेबाचे. (हेही आपल्याला नवीन नाही.) १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर नोंदलेल्या माणसांचे ठसे घेण्याचा अधिकारच सरकारला दिला. ज्यांनी काही केले नव्हते, त्यांची बोटे जन्मामुळे शाईत बुडाली. ठसा खाली उमटत होता. वरचा मजकूर कोणी लिहिला, तो वाचून दाखवला की नाही, हे तपासणारे यंत्र मात्र कोणी काढले नाही.

डिजिटल सहीची कल्पना १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडली, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर, एडलमन यांनी ती गणिताने करून दाखवली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला व या सहीला कायद्याची मान्यता मिळाली. तिचे काम असे चालते. मजकुरापासून गणिताने एक ठरावीक लांबीची संख्या काढतात. मजकुरातला एक काना बदलला तरी ती संख्या पार बदलते. सही करणाऱ्याजवळ दोन किल्ल्या असतात. गुप्त किल्लीने तो त्या संख्येवर सही करतो आणि जाहीर किल्लीने कोणीही ती पडताळतो. जाहीर किल्ली याच अधिकाऱ्याची, असे प्रमाणपत्र परवानाधारक संस्था देते, आणि त्या संस्थेला मान्यता देणारा नियंत्रक दिल्लीत असतो. अशी ही साखळी आहे.

आता ते प्रश्नचिन्ह. दाखला उघडून दाखवणाऱ्या परदेशी बनावटीच्या सॉफ्टवेअरच्या ओळखीच्या यादीत आपल्या नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र पुष्कळदा नसते. म्हणून ते म्हणते, मी या घराण्याला ओळखत नाही. सही खोटी आहे, असे ते म्हणत नाही. नियंत्रकाच्या अधिकृत ठिकाणाहून मूळ प्रमाणपत्र घेऊन संगणकात बसवले की प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. त्या मुलीचेही तसेच झाले. मात्र हे सारे संगणकातल्या मूळ फाइलवर. छापलेल्या कागदावरची डिजिटल सही म्हणजे नुसती शाई. तिची झेरॉक्स 'साक्षांकित' करून मागणारे कार्यालय काहीच तपासत नसते. छापील प्रत हाती असेल तर तीवरचा क्रमांक किंवा चौकोनी संकेत सरकारी संकेतस्थळावर ताडून पाहावा.

फाइलचा इतिहासही पाहता येतो. सहीनंतर काही जोडले असेल तर ते दिसते, आणि सही झाली त्या क्षणीची प्रत उघडता येते. प्रमाणपत्राची मुदत पुढे संपली तरी सहीच्या वेळी ते चालू होते काय, हे विचारावे लागते. त्यासाठी सहीची वेळ विश्वासार्ह हवी. पण एक गोष्ट गणित सांगू शकत नाही. किल्ली वापरली गेली एवढेच ते सांगते. हात कोणाचा होता ते नाही. डोंगल साहेबांच्या खिशात नसून ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असेल, तर कुलकर्ण्याची लेखणी पुन्हा आलीच.

आणि सहीच्या आधीचा इतिहास? तो माझ्या घरातलाच सांगतो.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात महार वतनाबद्दल विधेयक मांडले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, आणि जमिनी वतनदारांना परत मिळाल्या त्या जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येणार नाहीत या अटीवर. आमच्या आज्याची अशीच जमीन आज दुसऱ्याच्या नावावर आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. मी तो काढला. गावच्या महसूल अधिकाऱ्याची, जुन्या भाषेत तलाठ्याची सही मी पडताळली. बिनचूक. फेरफार क्रमांक पाहून जुनी नोंद काढली. तीत १९६३ सालच्या 'आपसातील समजुतीचा' उल्लेख आहे. परवानगीचा क्रमांक नाही. आणि आज्याच्या नावासमोर लिहिले आहे : निशाणी डाव्या अंगठ्याची.

आत्याला विचारले. ती म्हणाली, "अरे, तुझा आजा कुठं अंगठा देत होता? रात्रशाळेत सही शिकला होता तो. रेशनच्या दुकानातसुद्धा अंगठा मागितला तर भांडायचा."

आत्याचे बोलणे पुरावा ठरत नाही. म्हणून वडिलांच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक बाईंनी स्वतः माळ्यावरून गठ्ठे उतरवले. १९५९ च्या प्रवेश अर्जावर पालक म्हणून आज्याची सही सापडली. अक्षरे उतरती, शेवटचे ओळीबाहेर गेलेले, पण पूर्ण नाव. त्या अर्जाची प्रमाणित नक्कल फेरफाराविरुद्धच्या अपिलाला जोडली आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.