मुक्तिपत्रावरील शेरा : व्हिएतनाम युद्धांतील अमेरिकन सैनिक, मादक द्रव्यें व फेरविचाराचे अर्ज

(१)

दप्तरांत काम करणाऱ्या संशोधकास एक गोष्ट अनुभवानें कळलेली असते. मोठ्या बखरींत न सांपडणारी हकीकत पुष्कळदां कागदाच्या समासांतील लहानशा शेऱ्यांत सांपडते. शेरा लिहिणारा कारकून विस्मृतींत जातो, ज्या नियमान्वयें तो मारला तो नियम रद्द होतो, नियम करणारे अधिकारीहि बदलतात. परंतु शेरा कागदावर तसाच राहतो, आणि ज्याच्या नांवें कागद असतो त्याच्या आयुष्यावर अंमल गाजवितो. अशाच एका शेऱ्याचा इतिहास प्रस्तुत लेखांत थोडक्यांत मांडावयाचा आहे. कागद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या लष्कराचा असून काळ मुख्यतः व्हिएतनाम युद्धाचा आहे. मादक द्रव्यांच्या सेवनावरून ज्या सैनिकांस हलक्या दर्जाचें मुक्तिपत्र देऊन घरीं पाठविण्यांत आलें, त्यांना तो दर्जा बदलून घेण्याची वाट कशी निर्माण झाली, व ती कोणास लाभली आणि कोणास लाभली नाहीं, हा विचारणीय प्रश्न होय.

(२)

प्रथम कागदाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. अमेरिकन सैनिक नोकरींतून मोकळा होतो तेव्हां त्याला मिळणाऱ्या मुक्तिपत्राचे त्या काळीं पांच दर्जे होते. पहिला सन्मान्य, दुसरा साधारण, म्हणजे सन्मान्य परिस्थितींत परंतु पूर्ण सन्मानाविना दिलेला, तिसरा अनिष्ट, चौथा दुर्वर्तनी, आणि पांचवा अप्रतिष्ठित. यांपैकीं शेवटचे दोन लष्करी न्यायालयांत खटला चालून शिक्षा झाल्यावांचून देतां येत नसत. तिसरा दर्जा मात्र खटल्याशिवाय, केवळ कारभारी हुकुमानें देतां येई. १९७७ पासून त्याचें 'अनिष्ट' हें नांव जाऊन 'सन्मान्येतर परिस्थितींत' असें सौम्य नांव आलें. परिणाम तोच राहिला.

हा दर्जा नुसता मानाचा प्रश्न नव्हे. २२ जून १९४४ रोजीं मंजूर झालेल्या सैनिक-पुनर्वसन कायद्यानें परत आलेल्या सैनिकांस शिक्षण, घरासाठीं कर्ज, औषधोपचार इत्यादि सवलती दिल्या. परंतु सुटका अप्रतिष्ठित परिस्थितींत झालेली नसावी, अशी अट घातली. अनिष्ट दर्जाचा सैनिक या रेषेच्या कोणत्या बाजूस पडतो हें माजी सैनिक खात्यानें ठरवावयाचें असे, आणि निर्णय बहुधा त्याच्या विरुद्ध जाई. शिवाय मुक्तिपत्रावर सुटकेचें कारण दर्शविणारा एक सांकेतिक अंक छापलेला असे. तो वाचण्याची किल्ली नोकरी देणाऱ्या कित्येकांजवळ होती. सैनिकाला स्वतःला मात्र त्याचा अर्थ पुष्कळदां ठाऊक नसे. ही पद्धति १९७४ सालीं बंद झाली. पण जुने कागद जुनेच राहिले.

(३)

शेरा बदलून मागण्याची व्यवस्था व्हिएतनामच्या पूर्वींची आहे. १९१६ पासून १९४७ पर्यंत अमेरिकन लष्करांत निळ्या कागदावर छापलेलें एक मुक्तिपत्र प्रचारांत होतें. तें ना सन्मान्य, ना अप्रतिष्ठित. आणि त्यामुळेंच अधिकाऱ्यांस फार सोयीचें. दुसऱ्या महायुद्धांत डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या अवधींत लष्करानें असे ४८,६०३ कागद दिले. त्यांपैकीं १०,८०६, म्हणजे शेंकडा २२ हून अधिक, कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाले. सैन्यांत मात्र त्यांचें प्रमाण शेंकडा ७ देखील नव्हतें. 'पिट्सबर्ग कूरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रानें १९४५ सालीं याविरुद्ध मोहीम उघडली, प्रतिनिधिगृहाच्या समितीनें १९४६ सालीं प्रतिकूल अहवाल दिला, आणि १९४७ सालीं निळा कागद जाऊन त्याच्या जागीं साधारण व अनिष्ट हे दोन दर्जे आले.

या काळांतच अर्जाच्या दोन वाटा निघाल्या. १९४४ च्या कायद्यानें मुक्तिपत्र-फेरविचार मंडळें स्थापिलीं. सुटकेपासून १५ वर्षांच्या आंत त्यांजकडे अर्ज करतां येतो, मात्र वरिष्ठ लष्करी न्यायालयाच्या शिक्षेनें झालेली सुटका त्यांना तपासतां येत नाहीं. १९४६ च्या कायद्यानें लष्करी अभिलेख-दुरुस्ती मंडळांचा पाया घातला. त्यांचे अधिकार अधिक व्यापक आहेत. मुदत चूक कळल्यापासून ३ वर्षांची, परंतु न्यायास्तव ती माफ करण्याची मोकळीक आहे. तत्पूर्वीं एखाद्या सैनिकाच्या कागदांतील चूक सुधारावयाची तर काँग्रेसकडून त्याच्या नांवाचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे.

(४)

आतां मूळ प्रकरणाकडे वळूं. व्हिएतनाममध्यें गांजाचें सेवन प्रथमपासून होतें. १९७० च्या सुमारास तेथें अत्यंत शुद्ध व अत्यंत स्वस्त हेरॉइन मिळूं लागलें, आणि तें सुईनें टोंचून न घेतां सिगारेटींतून ओढतां येई. मे १९७१ मध्यें रॉबर्ट स्टील व मॉर्गन मर्फी या दोन काँग्रेस-सभासदांनीं व्हिएतनाममधील शेंकडा १० ते १५ सैनिक हेरॉइनच्या अधीन झाल्याचें सांगितलें. १७ जून १९७१ रोजीं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं मादक द्रव्यांचा दुरुपयोग हा राष्ट्राचा पहिल्या क्रमांकाचा शत्रु असल्याचें जाहीर केलें, आणि डॉ. जेरोम जॅफी यांच्या हाताखालीं एक खास कार्यालय उघडलें. त्याच महिन्यांत मायदेशीं परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाची मूत्रपरीक्षा सुरू झाली. परीक्षेंत दोषी ठरलेल्यास विमानांत बसूं न देतां आधीं उपचारासाठीं ठेवून घेत.

येथें धोरणांतील विसंगति उघडी पडली. तोंवर द्रव्यसेवन हें गैरवर्तन समजलें जात होतें, व त्या सबबीवर सैनिकांस अनिष्ट ठरवून काढून टाकण्यांत येत होतें. आतां सरकार त्यास रोग म्हणूं लागलें. पण रोग म्हणावें तर आधीं ज्यांना काढून टाकलें त्यांचें काय? त्यांच्या कागदावरील शेऱ्यामुळें माजी सैनिकांच्या इस्पितळांचीं दारें त्यांना बहुधा बंद होतीं. म्हणजे ज्या व्यसनापायीं शेरा मिळाला, त्याच व्यसनावरील उपचार तो शेरा नाकारीत होता.

ही विसंगति दूर करण्यासाठीं संरक्षणसचिव मेल्विन लेअर्ड यांनीं दोन आज्ञापत्रें काढलीं. १३ ऑगस्ट १९७१ च्या पत्रानें, केवळ स्वतः सेवन केल्यावरून किंवा स्वतःपुरतें द्रव्य बाळगल्यावरून ज्यांना खटल्याशिवाय अनिष्ट मुक्तिपत्र मिळालें होतें, त्यांना दर्जा वाढवून मागण्याची मुभा दिली. २८ एप्रिल १९७२ च्या पत्रानें ती खटल्यांत शिक्षा झालेल्यांनाहि लागू केली. द्रव्याची विक्री करणारे यांतून वगळले होते, हें रास्तच होतें. परंतु दोन मर्यादा लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. एक, सवलत ७ जुलै १९७१ पर्यंतच्या प्रकरणांपुरती होती. दुसरी, कोणाचाहि कागद आपोआप बदलणार नव्हता. ज्याचा त्यानें अर्ज करावयाचा होता. घर सुटलेल्या, व्यसनांत गुरफटलेल्या, सरकारी लखोट्याचा धसका घेतलेल्या माणसाकडून ही अपेक्षा होती.

याच सुमारास लोकमताच्या एका समजुतीस धक्का बसला. सेंट लुईच्या विदुषी ली रॉबिन्स यांनीं सप्टेंबर १९७१ मध्यें परतलेल्या सैनिकांची पुढें गांठ घेऊन चौकशी केली. जवळजवळ निम्म्यांनीं तेथें अफू अथवा हेरॉइन चाखलें होतें, व सुमारें एक पंचमांश सैनिक आपण तेथें व्यसनाधीन होतों असें सांगत. परंतु या व्यसनाधीनांपैकीं परतल्यावर पहिल्या १० महिन्यांत पुन्हां व्यसनांत पडलेले शेंकडा ५ च निघाले. ३ वर्षांचा काळ धरला तरी शेंकडा १२. म्हणजे बहुसंख्यांचें व्यसन युद्धभूमीवरच राहिलें. घरीं आला तो शेरा.

(५)

यानंतर प्रकरण न्यायालयांत गेलें. अमेरिकन लष्करी न्यायसंहितेच्या ३१ व्या कलमान्वयें कोणासहि स्वतःविरुद्ध पुरावा देण्याची सक्ति करतां येत नाहीं. सक्तीनें घेतलेल्या मूत्राचा उपयोग सैनिकास हलका दर्जा देण्याकडे होत असेल तर ती सक्ति या कलमाविरुद्ध आहे, असा निर्णय लष्करी अपील न्यायालयानें १९७४ सालीं दिला. त्या आधारें एका माजी सैनिकानें स्वतःसाठीं व आपल्यासारख्या इतरांसाठीं सेनासचिवावर दावा लावला. १९८० सालीं कोलंबिया जिल्ह्याच्या संघीय अपील न्यायालयानें तो मान्य केला, आणि अशा पुराव्यावर ज्यांना हलका दर्जा मिळाला त्या भूसेनेंतील माजी सैनिकांचा हक्क सन्मान्य मुक्तिपत्रावर असल्याचें ठरलें.

तशीच सक्ति, तशीच परीक्षा व तसाच शेरा सोसलेले नौदलांतील व मरीन दलांतील सैनिक मागाहून त्याच न्यायालयाकडे गेले. १९८३ सालीं त्यांना उत्तर मिळालें कीं, सरकारविरुद्ध दावा लावण्याची ६ वर्षांची मुदत टळून गेली आहे. त्यांची बाजू खोटी ठरली नाहीं. ती ऐकण्याची वेळ निघून गेली होती, इतकेंच. आणि त्याच वर्षीं लष्करी अपील न्यायालयानें आपलें जुनें मत फिरवून सक्तीची मूत्रपरीक्षा ३१ व्या कलमाच्या विरुद्ध नाहीं असें ठरविलें. एकाच कृतीबद्दल एका दलांतील सैनिक सन्मान्य झाला व दुसऱ्या दलांतील अनिष्टच राहिला. दोघांमध्यें अंतर वर्तनाचें नव्हतें, पंचांगाचें होतें.

(६)

दरम्यान राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकीर्दींत १९७७ सालीं फेरविचाराचा एक खास कार्यक्रम निघाला. ४ ऑगस्ट १९६४ ते २८ मार्च १९७३ या काळांत कारभारी हुकुमानें काढलेल्या सैनिकांपैकीं ज्यांना युद्धांत जखम झाली, ज्यांनीं आग्नेय आशियांतील आपली मुदत पुरी केली, अशा कित्येकांचा दर्जा ठराविक कसोट्यांवर वाढविण्यांत आला. यास मोठा विरोध झाला. त्याच चिखलांत, त्याच भयांत राहून ज्यांनीं द्रव्यास स्पर्श केला नाहीं, त्यांच्या सन्मानपत्राची किंमत यामुळें उतरते, असें विरोधकांचें म्हणणें होतें. हें म्हणणें उडवून लावण्याजोगें नाहीं. सन्मान सरसकट वांटल्यास तो सन्मान राहत नाहीं. काँग्रेसनें ८ ऑक्टोबर १९७७ च्या कायद्यानें मधला मार्ग काढला. खास कार्यक्रमांत दर्जा वाढलेल्यांचें प्रत्येक प्रकरण सर्वांस सारख्या लागू असणाऱ्या कसोट्यांवर पुन्हां तपासावें, व त्यांत टिकेल त्यासच सवलती द्याव्या, असें ठरलें. परिणामीं कित्येकांच्या हातीं सन्मानाचा नवा कागद राहिला, परंतु त्यावर मिळणारें औषध व शिक्षण मिळेना.

या कायद्यानंतर बनलेल्या कसोट्या दोन आहेत. पहिली कायदेशीरपणाची: सुटका करतांना नियम मोडला काय? दुसरी न्याय्यतेची: नियम पाळूनहि अन्याय झाला काय? या दुसऱ्या कसोटींत असें एक कलम आहे कीं, आजचे नियम सैनिकाच्या हक्कांच्या दृष्टीनें तेव्हांपेक्षां बरेच उदार असतील, व तेव्हां ते असते तर हा शेरा बसला असता काय याविषयीं रास्त शंका असेल, तर शेरा बदलतां येतो. आपलें जुनें मत चुकलें असेल हें येथें राज्यसंस्था मान्य करते. मात्र सिद्धतेचा भार अर्जदारावरच टाकते, कारण सरकारी काम यथाविधि झालें असेंच मंडळें प्रथम गृहीत धरतात.

(७)

उरलेला इतिहास अलीकडचा आहे. युद्धाच्या आघातानें मनास जडणाऱ्या विकारास अमेरिकन मनोविकृतिशास्त्रानें आपल्या अधिकृत यादींत नांव दिलें तें १९८० सालीं. अर्थात् १९७० सालच्या कागदांत तें नांव सांपडणें शक्यच नव्हतें. एखादा सैनिक झोंप यावी, स्मृति बुजाव्या म्हणून हेरॉइन ओढीत होता, हें लिहिण्यास त्या नमुन्यांत रकानाच नव्हता. ३ सप्टेंबर २०१४ रोजीं संरक्षणसचिव चक हेगेल यांनीं, स्वतः व्हिएतनाममध्यें लढलेले असल्यानें विशेष अधिकारानें म्हणावें लागेल, दुरुस्ती मंडळांस आज्ञा केली कीं, अशा अर्जांचा उदार दृष्टीनें विचार व्हावा. २५ ऑगस्ट २०१७ च्या पत्रानें फेरविचार मंडळांसहि तेंच मार्गदर्शन स्पष्ट केलें, व कांहीं संस्थानांत गांजा कायदेशीर झाला असल्यानें त्याच्या जुन्या सेवनाचें गांभीर्य आज कमी मानतां येईल असें म्हटलें. २५ जुलै २०१८ च्या पत्रानें सुटकेनंतरचें सद्वर्तन आणि लोटलेला काळ यांसहि वजन दिलें.

परंतु १९७१ सालीं विशीबाविशींत असलेला सैनिक २०१४ सालीं पासष्टीकडे झुकलेला होता. त्याची १५ वर्षांची मुदत १९८६ सालींच संपली असल्यामुळें त्याला दुरुस्ती मंडळाचीच वाट उरली होती, आणि न्यायास्तव मुदत माफ करावी ही विनंति अर्जाच्या आरंभींच करावी लागत होती.

(८)

वरील हकीकतीवरून निष्कर्ष असा निघतो. राज्यसंस्थेनें आपलें मत १९७१, १९७४, १९७७, १९८३ व २०१४ सालीं बदललें. द्रव्यसेवन कधीं गुन्हा, कधीं रोग, कधीं जखमेचें लक्षण ठरलें. पण प्रत्येक वेळीं मत बदललें तें पुढच्यांसाठीं. मागच्यांनीं स्वतः येऊन आपला कागद दाखवावा, अशी अट राहिली. आपल्याकडील दप्तरांत अभयपत्रें पुष्कळ आहेत. परागंदा झालेल्या रयतेस 'निर्भय होऊन यावें' असें सरकार स्वतः होऊन लिहीत असे. अमेरिकन व्यवस्थेंत असें पत्र जवळजवळ नाहीं. तेथें आहे तो अर्जाचा नमुना. अभयपत्राहून अर्ज एका दृष्टीनें श्रेष्ठ होय, कारण त्यांत दया नव्हे तर हक्क मागितला जातो, व कारणें लिहून निकाल द्यावा लागतो. परंतु हक्क मागण्याचें बळ ज्याच्यापाशीं उरलें आहे त्यालाच तो मिळतो, ही त्याची उणीवहि तितकीच खरी.

संशोधकापुरतें बोलावयाचें तर, अशा मुक्तिपत्रावर 'अनिष्ट' असा शब्द आढळला म्हणजे त्यावरून माणसाची परीक्षा करण्यापूर्वीं तारीख पाहावी. ती ७ जुलै १९७१ च्या अलीकडची कीं पलीकडची, दल कोणतें, पुरावा कसा मिळविलेला, हें पाहावें. शेरा माणसाविषयीं जितकें सांगतो त्याहून अधिक तो मारणाऱ्या काळाविषयीं सांगतो.