तळटीप: भाताच्या मुळांवरील ‘शेवाळ’
येथे ‘शेवाळ’ म्हटलेले जीव खरे शैवाल नसून प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू, म्हणजे सायनोबॅक्टेरिया आहेत. ‘नील-हरित शैवाल’ हे जुने नाव मात्र रूढ झाले ते झालेच. भातखाचरातील नत्राच्या पुरवठ्यात त्यांचा वाटा पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिला. मुळांवरील वसाहत ही त्याहून नाजूक गोष्ट. नॉस्टॉक या प्रजातीची, मण्यांच्या माळेसारखी साखळी तुटून तिचे ‘होर्मोगोनिया’ नावाचे आखूड, सरपटणारे तुकडे होतात, ते मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांच्या रोखाने सरकतात, मुळाच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि काही वेळा बाह्यत्वचेच्या पेशींमधील फटींतून आतही शिरतात. तेथे स्थिरावल्यावर साखळीतील अधूनमधूनच्या काही पेशी जाड भिंतीच्या ‘हेटरोसिस्ट’ बनतात, कारण हवेतील नत्र पकडणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने निकामी होते आणि ही भिंत त्याला बऱ्याच अंशी बाहेर थोपवते. भुईमुगाच्या मुळांवर दिसतात तशा गाठी येथे उठत नाहीत, त्यामुळे रोप उपटून धुतले तरी नुसत्या डोळ्यांना या सोबतीचा फारसा मागमूस लागत नाही. खाचरात युरियाची मात्रा सढळ पडली, तर नत्र पकडण्याचे हे काम मंदावते.