वाशीम जिल्ह्यातील पर्जन्यनोंदी आणि गटाध्ययनाची पद्धती

वऱ्हाडातील पावसाच्या नोंदींचा इतिहास हा पुष्कळ अंशी महसुली कारभाराचाच इतिहास आहे, हे हवामानाच्या अभ्यासकास प्रारंभीच ठाऊक असणे इष्ट होय. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. तहसील कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक उभा राहिला तो केवळ ज्ञानलालसेमुळे नव्हे. साऱ्याची वसुली आणि दुष्काळाची धास्ती यांचा त्यात मोठा वाटा होता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने ती धास्ती किती रास्त होती हे दाखवून दिले. त्या काळी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा निघाला. त्यामुळे दीर्घकालीन आकडे जुळवू पाहणाऱ्यास कधी वाशीम, कधी अकोला अशा मथळ्यांखाली शोध घ्यावा लागतो. आणि जुने आकडे इंचांत आहेत हेही विसरून चालत नाही.

नोंदीचे उपकरण अगदी साधे. सायमन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पर्जन्यमापकाचे तोंड १२७ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे एखाद्या मोठ्या वाटीएवढे. सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजावयाचे आणि मागील चोवीस तासांचा पाऊस म्हणून त्या दिवसाच्या तारखेपुढे मांडावयाचे, हा खात्याचा दंडक. म्हणजे नोंदवहीत ज्यास १० जुलैचा पाऊस म्हटले आहे, तो सर्वच्या सर्व ९ जुलैला पडलेला असू शकतो. शब्द तोच, अर्थ निराळा, असा हा प्रकार आहे. ‘दिवस’ या शब्दाची व्याख्या येथे पंचांगाने केलेली नाही आणि घड्याळाच्या मध्यरात्रीनेही केलेली नाही.

उपग्रहांनी यात आणखी एक ‘दिवस’ आणून ठेवला. १९८८ च्या मार्चमध्ये आय.आर.एस.-१ए हा भारतीय दूरसंवेदन उपग्रह कक्षेत गेला, आणि त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. विदर्भातील जमीन, पाणी व पिके यांचे नकाशे उपग्रहचित्रांवरून करण्याचे काम त्यामुळे जवळ आले. पावसाच्या बाबतीत महत्त्वाचा टप्पा २०१४ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत जागतिक पर्जन्यमापन मोहिमेचा मुख्य उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या व सहकारी उपग्रहांच्या निरीक्षणांवरून दर अर्ध्या तासाचा पाऊस ०.१ अंशाच्या, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरांच्या चौकोनासाठी काढला जातो. वाशीमचे क्षेत्र पाच हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. त्यात असे चाळीसेक चौकोन बसतात. हवामान खात्याने १९०१ पासूनचा दैनिक पाऊस ०.२५ अंशाच्या जाळीत बसविला आहे; त्या जाळीचे जेमतेम सातेक चौकोन. एका बाजूस वाटीएवढे तोंड, दुसऱ्या बाजूस शेकडो चौरस किलोमीटरांची सरासरी! शिवाय उपग्रहाचा दिवस जागतिक प्रमाणवेळेने, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो.

हा भेद केवळ पांडित्याचा विषय नाही. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस झाल्यास तेथे अतिवृष्टी धरण्याचा राज्यात प्रघात आहे, आणि पीकहानीच्या मदतीचा विचार पुष्कळदा त्या आकड्यापासून सुरू होतो. समजा, रिसोडकडील एखाद्या मंडळात सकाळी सहा ते अकरा या वेळात ८० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यातील निम्मा साडेआठपूर्वी झाला. नोंदवहीत दोन तारखांपुढे ४० आणि ४० असे आकडे येतील. मर्यादा एकाही दिवशी ओलांडली जाणार नाही. उपग्रहाच्या दिवसात तोच पाऊस सलग ८० भरेल. शेतातील सोयाबीन मात्र एकदाच पाण्याखाली गेलेले असते. अर्थात उपग्रहाचा आकडाही चौकोनाची सरासरी असल्याने त्यास अंतिम प्रमाण मानता येत नाही.

अशा सामग्रीचे अध्यापन एकट्या विद्यार्थ्याच्या निबंधातून साधणे कठीण, म्हणूनच गटाने करावयाच्या अभ्यासाकडे अध्यापकांचे लक्ष वळले. त्यास महाराष्ट्रात पूर्वपीठिका आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह केलेली पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. जमीन, पाणी, कर्ज, तुकडेवाटणी हे सर्व एकाच गावात एकत्र पाहण्याची ती रीत होती. पुढे २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियानाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आपल्याच परिसरातील प्रश्नांकडे वळविण्याचा प्रयत्न केला. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशीमसह पंधरा जिल्हे आले, आणि गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धती मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झाली.

तथापि गट म्हणजे कामाची वाटणी, ही समजूत फार रूढ आहे. एकाने नकाशा काढावा, दुसऱ्याने आलेख, तिसऱ्याने टंकलेखन करावे, यास गटाध्ययन म्हणणे धाडसाचे होईल. एकाच आठवड्याचा, एकाच मंडळाचा पाऊस एकाने तहसीलच्या नोंदीवरून, दुसऱ्याने स्वयंचलित हवामान केंद्रावरून (महावेध योजनेतून ही केंद्रे २०१७ पासून मंडळांत उभी राहिली) आणि तिसऱ्याने उपग्रहावरून स्वतंत्रपणे काढावा. आकडे जुळणार नाहीत, आणि ते का जुळत नाहीत याचा निवाडा तिघांनी मिळून करावा. खरा अभ्यास येथे सुरू होतो. वाशीमची भूमी त्यास विशेष अनुकूल आहे. काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला मिळून तापीच्या खोऱ्यात जाते, तर अडाण व अरुणावती पैनगंगेवाटे गोदावरीच्या. जलविभाजक जिल्ह्यातूनच जात असल्याने एकाच चौकोनातील पाऊस दोन समुद्रांच्या वाटेला लागू शकतो.

गटातील चौथ्याने गावात जावयाचे असते. त्याच्याजवळ यंत्र नसले तरी चालेल, कान मात्र हवेत. ‘झड’, ‘उघडीप’, ‘खंड’ आणि विशेषतः ‘वापसा’ हे शब्द शेतकरी ज्या नेमकेपणाने वापरतो, तो नेमकेपणा कोणत्याही रकान्यात उतरलेला नाही. वापसा म्हणजे पाऊस नव्हे आणि नुसता ओलावाही नव्हे. जमीन औत धरण्याजोगी होण्याची ती स्थिती आहे. २०१५ साली सोडलेला स्मॅप उपग्रह जमिनीच्या वरच्या सुमारे ५ सेंटिमीटरांतील ओल मोजतो, पण भारी काळ्या जमिनीत आणि उताराच्या मुरमाड जमिनीत तेवढ्याच पावसानंतर वापसा निरनिराळ्या दिवशी येतो. सोयाबीनच्या ऐन वाढीच्या महिन्यांत ढगांमुळे साधी उपग्रहचित्रे बहुधा निरुपयोगी ठरतात. रडारची चित्रे ढगांतून पाहतात, पण वाचावयास अवघड. त्या वेळी मालेगाव वा मानोरा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने सांगितलेली वापशाची तारीख ही गटाच्या तक्त्यातील एक स्वतंत्र नोंद ठरते. आणि ती इतर नोंदींप्रमाणेच, वेळ, ठिकाण व जमिनीची जात लिहून, तपासणीसाठी मांडावी लागते.