उपाशी घड्याळ

अब्बा गेले, तेव्हा त्यांचं ऑटोमॅटिक घड्याळ मी मखमलीत गुंडाळून कपाटात ठेवलं. दोन दिवसांत ते बंद पडलं. मला वाटलं, धन्यामागोमाग तेही गेलं.

खरं कारण साधं होतं. या घड्याळाच्या पोटात एक वजन असतं. मनगट हललं, की ते फिरतं आणि स्प्रिंगला पीळ बसतो. अठराव्या शतकात खिशातल्या घड्याळांत ही युक्ती आली; पण खिशात हालचाल ती कितीशी? मनगटासाठी ती जमवली जॉन हारवुड या इंग्रज कारागिराने. चावीच्या वाटेने धूळ आणि ओल आत शिरते, म्हणून त्याने बाहेरची चावीच काढून टाकली. काटे लावायचे ते काचेभोवतीची कडी फिरवून! १९२४ साली त्याला स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळालं. त्याचं वजन दोन्हीकडे धक्के खात झुलायचं. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारं वजन आणलं.

अकरा वर्षांनी घड्याळ दुरुस्तीला नेलं. कारागीर म्हणाला, "तेल वाळलंय. जपलंत कुठं, उपाशी ठेवलंत!" त्यानेच शिकवलं : थांबलेलं घड्याळ झटकत बसू नये, चावी वीस-पंचवीस वेळा हलकेच फिरवून मग हातात बांधावं. पाण्यापासून जपावं. चार-पाच वर्षांनी तेलपाणी करावं.

आता अब्बांचं घड्याळ माझ्या हातावर चालतं. सुटीत ते काढून ठेवून दोन दिवस लोळलो, की रुसून थांबतं. माझं लोळणं अब्बांनाही कधी आवडलं नव्हतं.