नेसरीची शिवरात्र

२४ फेब्रुवारी १६७४. त्या दिवशी महाशिवरात्र होती. आमच्या नेसरीच्या खिंडीत सरनौबत प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. आदल्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या याच खानाला त्यांनी सोडलं होतं, म्हणून शिवाजी महाराज संतापले होते.

आज खिंडीत स्मारक आहे. देवळात काढाव्यात तशा मी तिथं चपला काढतो. शिवरात्रीला महादेवाच्या पिंडीसोबत ही खिंडही आठवते.

त्याच वर्षीच्या एका इंग्रजी पत्रात म्हटलंय, की दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले. बाकीची फौज मदतीला आली नाही. म्हणजे सातांचा आकडा तेवढा जुना. सहा जणांची नावं त्या पत्रात नाहीत, ती परंपरेनं जपली. त्यात सिद्दी हिलालही आहे.

सातांचं वेड आपण गातो. मागे राहिलेल्या फौजेबद्दल कुणी विचारत नाही. महाराज मात्र प्रतापरावांचं घर विसरले नाहीत. १६८० मध्ये त्यांनी राजारामांचं लग्न प्रतापरावांच्या मुलीशी, जानकीबाईंशी, लावलं. खिंडीत फुलं वाहताना शौर्याइतकीच ही जबाबदारीही आठवावी, असं मला वाटतं.